बांकड्यावरचा चहा

गेल्या महिन्यांत याच पानावर मीं माझ्या संध्याकाळच्या चहाविषयीं चार शब्द लिहिले होते. झरीला एस. टी. थांबते त्या जागेसमोरचें पत्र्याचें हॉटेल, त्यांतलें एका पायानें अधू झालेलें बांकडें आणि त्यावर बसून घेतलेला अर्धा पेला चहा, यांचें वर्णन करतांना माझी लेखणी अंमळ सैल सुटली होती, हें मला कबूल आहे. मासिक वाचकांच्या हातीं पडल्यावर नेहमीप्रमाणें तीनचार पत्रें आलीं. एका गृहस्थांनीं चहाच्या दुष्परिणामांविषयीं चार पानें लिहून पाठविलीं आणि शेवटीं ताजा कलम म्हणून त्या हॉटेलांत आलूबोंडा मिळतो काय, अशी विचारणा केली. परंतु ज्या पत्रानें माझें स्वास्थ्य घालविलें तें एक साधें पोस्टकार्ड होतें. वर्ध्याच्या एका भगिनीनें तें पाठविलें होतें, आणि मायना व सही सोडली तर त्यांत एकच वाक्य होतें: "आपण हॉटेलांत चहा पीत असतां आपल्या सौभाग्यवती कोठें असतात?"

प्रथम मला हसूं आलें, आणि मग राग आला. कोठें असणार? घरीं असतात. तुळशीला पाणी घालीत असतात, वाती वळीत असतात, नाहीं तर रात्रीच्या भाजीसाठीं विळीवर बसलेल्या असतात. यांत विचारण्यासारखें काय आहे? असें मनाशीं म्हणून मीं तें कार्ड वाचीत असलेल्या पुस्तकांत खूण म्हणून घालून ठेवलें. पण कांहीं प्रश्न फार चिकट असतात. दुसऱ्या दिवशीं साडेचार वाजतां पायांत चपला सरकवितांना आंतून पातेलें घासल्याचा आवाज आला. तो आवाज मीं यापूर्वीं हजारों वेळां ऐकला असला पाहिजे. पण त्या दिवशीं मी उंबऱ्यावर क्षणभर थांबलों, एवढें खरें.

नव्या वाचकांसाठीं आमच्या गांवाविषयीं थोडें सांगावयास हवें. झरी आणि जामणी हीं दोन गांवें, आणि दोहोंच्या नांवांनीं मिळून आमच्या तालुक्याचें नांव झालेलें आहे. यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा उघडून अगदीं खालच्या कडेला पाहिलें म्हणजे आम्ही सांपडतों. पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण. २०१४ सालापूर्वीं तेथें आंध्र प्रदेशाची हद्द होती. वणी हें त्यांतल्या त्यांत जवळचें मोठें गांव. १८८० सालीं लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म तेथें झाला, हें वणीकर मंडळी पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबरच सांगतात. मुकुटबनला आगगाडी येते, आणि तेथें सिमेंटचा कारखाना झाल्यापासून मालमोटारींची धूळहि येते. बाकी सारी काळी जमीन, तिच्यावर कापूस, आणि टेकड्यांच्या कडेनें वसलेले कोलामांचे पोड. महाराष्ट्रांतल्या ज्या तीन जमाती सरकारनें ‘आदिम’ म्हणून वेगळ्या नोंदविल्या आहेत, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांचें नांव आहे. त्यांची बोली द्राविड कुळांतली, म्हणजे तेलुगूची दूरची बहीण. तेव्हां आमच्या बाजारांत मराठी, तेलुगू आणि कोलामी अशा तीन भाषा एकाच तागडींत तोलल्या जातात.

मी येथें शाळामास्तर म्हणून आलों तो दोन वर्षांच्या बोलीनें. त्याला आतां सव्वीस वर्षें झालीं. निवृत्त झाल्यावर पुण्यास परत जावयाचें असें आमचें ठरलेलें होतें. पण तोंपर्यंत दारचे दोन आंबे फळास आले होते, आणि फळास आलेला आंबा सोडून जाण्याइतकें वैराग्य माझ्या अंगीं नाहीं.

सौ. मूळची सदाशिव पेठेंतली. येथें आल्यावर पहिल्याच आठवड्यांत दारावर आलेल्या भाजीवालीनें तिला विचारलें, "सांबार घेता का बाई?" सौ. लगबगीनें आंत गेली आणि पातेलें घेऊन आली. विदर्भांत कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. ती भाजीवाली त्या पातेल्याकडे आणि सौ. त्या हिरव्या जुडीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. पण आमच्या गांवचा घोटाळा याहूनहि मोठा आहे. नदीपलीकडची रीत म्हणून हॉटेलांत सकाळीं इडली असते, इडलीबरोबर तें दुसरें, डाळीचें सांबार असतें, आणि त्या सांबारावर हा सांबार चिरून टाकलेला असतो. "सांबारांत सांबार टाकूं का जी?" हा प्रश्न भूतलावर दुसऱ्या किती गांवीं ऐकूं येत असेल याची मला शंका आहे.

हा प्रश्न विचारणारा हॉटेलवाला माझा जुना विद्यार्थी. गणितांत तो दोनदां नापास झाला. परंतु आज तीस गिऱ्हाइकांचा तोंडी हिशेब तो एका पैशानें चुकूं देत नाहीं, यावरून माझ्या शिकवण्याविषयीं काय तें अनुमान वाचकांनीं काढावें. सकाळीं पोहे आणि त्यांवर चण्याची झणझणीत तर्री, दुपारनंतर आलूबोंडा, तळलेली मिरची आणि पातळ कढी, आणि सर्वकाळ चहा. शेजारच्या ठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याचा हात सारखा चालूं असतो. त्या व्यसनाविषयीं मला अत्यंत तिटकारा आहे, पण त्या घोटण्याच्या तालावर वर्तमानपत्र छान वाचून होतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. वर्तमानपत्र एक, वाचणारे सहा. ज्याला बाजारभाव हवे तो आंतलें पान नेतो, ज्याला निधनवार्ता हव्यात तो मधलें, आणि मला बहुधा कोडें उरतें, तेंहि अर्धें सोडविलेलें.

मागच्या लेखांत मीं या बांकड्याच्या सुखाची मीमांसा केली होती. तेथें कोणी कांहीं काम सांगत नाहीं, कोणी कांहीं अपेक्षा करीत नाहीं, वगैरे. चहा हें तर नुसतें निमित्त, सौ.च्या हातचा चहा त्याच्या चौपट चांगला असतो, हें मीं तेव्हांहि लिहिलें होतें आणि लिहून मनांतल्या मनांत उदार झालों होतों. पोस्टकार्ड आल्यापासून मात्र ती मीमांसा मला अपुरी वाटूं लागली. आणि अशा वेळीं मनुष्याला आपलें बालपण आठवतें, तसें मला पुण्यांतलें एक हॉटेल आठवलें.

मी आठनऊ वर्षांचा असेन. परीक्षेचा निकाल लागला म्हणजे वडील आम्हांस वर्षांतून एकदां हॉटेलांत नेत. त्या काळीं बहुतेक हॉटेलांत मागच्या बाजूस फळ्या ठोकून लहान लहान खण केलेले असत, खणाला अर्धें दार नाहीं तर मळका पडदा असे, आणि वर पाटी असे: ‘फॅमिली रूम’. बायकामाणसें बरोबर असलीं कीं वेटर न विचारतां तिकडे नेई. आई पडद्याकडे पाठ करून बसे. पाय वाजले कीं पदर सारखा करी. वडील म्हणत, "तीन मसाला डोसे." डोसे येत. आई आपल्यांतला अर्धा माझ्या बशींत सारी, आणि चहाचा कप समोर आला म्हणजे त्याच्या कांठाकडे पाहत हळूच म्हणे, "किती जणांनीं तोंडाला लावला असेल, देव जाणे." आम्हां मुलांना वाटे, आईला हॉटेल आवडत नाहीं. तरी घरीं येतांना वाटेंत ती तीनतीनदां चटणीची गोष्ट काढी, आणि दुसऱ्या दिवशीं ती चटणी आमच्या पाट्यावर वाटली जाई. त्या खणांत आईला काय हवें तें कोणीं विचारल्याचें मला आठवत नाहीं. वेटर वडिलांना विचारी, आणि वडील तीन म्हणत.

कपाच्या कांठाची ती भीति आईची एकटीची नव्हती. १८९० सालच्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें शहरांतील कांहीं प्रतिष्ठित मंडळींना बोलावून त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनीं पुढें हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणे वैभव’ पत्रांत जाहीर केलीं, आणि एका पेल्यावरून ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत यजमानांच्या प्रायश्चित्ताची हकीकत लिहिली आहे. जिज्ञासूंनीं ती मुळांतूनच वाचावी. पुढें काळानें चहाची बाजू घेतली. चहाच्या निर्यातीवर १९०३ च्या कायद्यानें उपकर बसला आणि त्याच पैशांतून चहाचा प्रसार सुरू झाला. ज्या पेयासाठीं आजोबांच्या पिढीनें पंचगव्य घेतलें, तें नातवांच्या पिढीला पैसे खर्चून शिकविण्यांत आलें. दादरला मामा काणे यांचें उपाहारगृह निघालें, १९४२ सालीं माटुंग्यास रामा नायकांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग निघालें, आणि सोवळ्यांतल्या माणसालाहि बाहेर जेवून घरीं मान वर करून येतां येऊं लागलें.

या सगळ्या वादांत कोणाच्या हातचें खाल्लें आणि कोणाच्या पंक्तीस बसलों, याचा मनसोक्त काथ्याकूट झाला. जेवावयास बाहेर गेलेल्या माणसाच्या घरीं त्या वेळीं कोण काय करीत होतें, हा प्रश्न मात्र माझ्या वाचनांत फारसा आला नाहीं. आणि पुरुष बाहेर जेवतो म्हणजे तरी काय? मुंबईच्या गिरणगांवांतल्या खाणावळी बायकाच चालवीत. प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें तें अशा बायकांना घेऊनच. म्हणजे बाहेरचें जेवणसुद्धां कोण्या तरी घरच्या बाईनेंच रांधलेलें.

असो. पुस्तकांत घातलेली खूण आपल्याखेरीज कोणाला दिसत नाहीं, ही वाचणाऱ्या माणसाची भाबडी समजूत आहे. एक दिवस झाडलोट करतांना पोस्टकार्ड सौ.च्या हातीं लागलें. मी अंगणांत आंब्याला पाणी घालीत होतों. ती कार्ड घेऊन पायरीवर येऊन बसली.

"अहो, या बाई कोण?"

"वाचक."

"मग काय उत्तर दिलंत?"

"अजून दिलें नाहीं. सुचलें नाहीं."

ती हसली. मीं पाण्याची झारी खालीं ठेवली आणि मोठें मन करून म्हटलें, "त्यांत काय आहे? चल, आज तूंहि चल. पण आधींच सांगतों, तिथला चहा तुझ्या चहासारखा नाहीं."

"मला चहा कुठें हवाय? चहा मी घरीं करतेंच."

"मग काय हवंय?"

सूप मांडीवर घेऊन ती वालाच्या शेंगा सोलूं लागली होती. दोनतीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "कोणीतरी विचारायला हवंय, ‘काय देऊं?’ म्हणून."

तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यांत मुळींच नव्हता. शेंगांतला किडका दाणा बाजूला टाकावा तितक्या सहज ती बोलली. पण मी झारी उचलावयाची विसरलों. चौतीस वर्षांचा आमचा संसार. ‘आज काय आहे?’ हा प्रश्न मीं दिवसांतून दोनदां या हिशेबानें किती वेळां विचारला असेल, तें माझा नापास विद्यार्थीच सांगूं शकेल. ‘काय देऊं?’ हें मीं तिला कधीं विचारलें? एकदां तिला ताप आला असतां मीं खिचडी केली होती, ती मला आठवली, आणि क्षणभर बरें वाटलें. मग हेंहि आठवलें कीं त्या दिवशीं मी तिच्या अंथरुणापाशीं पांच वेळां गेलों होतों, आणि पांचहि वेळां ‘मीठ कोठें आहे’, ‘मूग कोठें आहेत’ असेंच कांहीं विचारलें होतें.

जावयाचें ठरलें. दिवस मीं मुद्दाम बाजाराचा निवडला. सौ.ला मीं कारण सांगितलें तें असें कीं त्या दिवशीं बोंडे ताजे असतात. खरें कारण असें होतें कीं बाजाराच्या गर्दींत आपण फारसे कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीं, असें मला वाटलें. बायकोबरोबर चहा प्यावयास जातांना साठी उलटलेल्या माणसानें तोंड लपवावें, हें मी आज लिहितांना मलाच विचित्र वाटतें. पण त्या दिवशीं माझी छाती धडधडत होती, आणि जें झालें तें लिहावें हा या पानाचा नियम आहे.

आम्ही दिसतांच बांकड्यावरचें संभाषण तुटलें. कापसाच्या भावावरून दोघांची खडाजंगी चाललेली होती. दोघेहि गप्प झाले आणि उभे राहिले. एकानें विडी मागें लपविली. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठला, खांद्यावरच्या फडक्यानें बांकडें पुसूं लागला, मग तें अर्धवट सोडून त्यानें पोऱ्याला पिटाळलें, आणि तो पोरगा कोठूनशी प्लॅस्टिकची एक खुर्ची घेऊन आला. ती त्यानें आंत, गल्ल्याच्या पलीकडे, पिठाच्या पोत्यांपाशीं नेऊन ठेविली.

"काकू, इकडे बसा जी. इकडे मोकळं आहे."

मला एकदम पुण्याचा तो फळ्यांचा खण दिसला. माझ्या विद्यार्थ्याच्या मनांत आदराखेरीज दुसरें कांहीं नव्हतें, याची मला खात्री आहे. त्या आदरानेंच एका खुर्चीची ‘फॅमिली रूम’ तयार झाली होती. सौ.नें खुर्चीकडे पाहिलें, बांकड्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "इथें वारा छान आहे रे. मी इथेंच बसतें." आणि ती बांकड्याच्या टोंकाला बसली, त्या अधू पायाच्या बाजूला. बांकडें कुरकुरलें. उभे राहिलेले दोघे जण थोडा वेळ आकाशाकडे पाहत राहिले, आणि मग दुसऱ्या टोंकाला बसले.

बसल्यावर तिनें पहिला प्रश्न जो विचारला त्याची मला अपेक्षा नव्हती. "त्या नेहमीं येतात का हो?"

"कोण?"

तिनें मानेनें दाखविलें. पत्र्याच्या सांवलीबाहेर, कडुनिंबाच्या बुंध्याशीं, तीन कोलाम बायका उकिडव्या बसून चहा पीत होत्या. विकून उरलेल्या बांबूच्या टोपल्या आणि सुपें शेजारीं रचलेलीं होतीं. एकीनें बोंडा मोडून पोराच्या हातांत दिला होता. आपसांत कांहीं बोलून त्या मोठ्यानें हसत होत्या. अर्थातच त्या नेहमीं येतात. दर बाजारीं येतात. इतकीं वर्षें मी या बांकड्यावर बसलों, बांकड्यावर बसून तुम्हांला सांगितलें कीं येथें बायका येत नाहींत म्हणून सौ. येत नाहीं, आणि झाडाखालच्या बायका माझ्या दृष्टीला कधीं बायका म्हणून दिसल्याच नव्हत्या. बाहेर चहा पिण्याची चोरी आमच्या घरच्या बायकांना. त्यांना ती कधींच नव्हती. बांकडें मात्र त्यांनाहि नव्हतें.

आणि आणखी एक गोष्ट. त्यांच्या हातांत कागदाचे पेले होते. आमच्यापुढें कांचेचे आले. सौ.नें तें पाहिलें, मींहि पाहिलें. हॉटेलवाल्यानें तें पाहणें पाहिलें आणि न विचारतां खुलासा केला, "बाहेर दिलेले गलास गायब होतात जी." होतहि असतील. एस. टी.साठीं धांवणारा माणूस पेला तसाच ठेवून जातो, हें खरें आहे. पण एस. टी.साठीं धांवणाऱ्यांना तो कांचेचे पेले देतो, हेंहि मीं रोज पाहिलेलें आहे. पंचहौदच्या चहावर मीं वर दहा ओळी मोठ्या ऐटींत लिहिल्या. त्या क्षणीं मात्र माझ्या तोंडून कांहीं निघालें नाहीं. सौ. म्हणाली, "मग डझनभर जास्त आण." तो म्हणाला, "आणतो काकू."

मग तो प्रश्न आला. फडकें खांद्यावर टाकून, सवयीनें माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "काय देऊ जी?" मी कांहीं बोललों नाहीं. नेहमींप्रमाणें ‘दोन चहा’ म्हणून टाकण्यासाठीं जीभ उचलली होती, ती मीं दांतांखालीं धरली. त्याच्या ध्यानांत आलें. तो सौ.कडे वळला आणि पुन्हां म्हणाला, "काकू, काय देऊ?"

सौ.नें उत्तर देण्यास मुळींच घाई केली नाहीं. काय काय आहे, म्हणून विचारलें. त्यानें यादी सांगितली. आलूबोंडा कधींचा? आतांचा. मिरची तिखट आहे का? आहे. कढी ताकाची कीं दह्याची? ताकाची. पुन्हां एकदां यादी सांग बरें. त्यानें पुन्हां सांगितली. रांगेंत चार गिऱ्हाइकें तिष्ठत होतीं, कढईंत तेल धुरावत होतें, आणि सौ. मंगळागौरीला नवें लुगडें निवडावें तशी शांतपणें निवडीत होती. अखेर तिनें एक आलूबोंडा, दोन मिरच्या आणि कढी मागितली. "आणि सांबार जास्त टाक," असें म्हणाली. पातेलें घेऊन आलेली ती सदाशिव पेठेंतली मुलगी मला आठवली, आणि मी कोड्याच्या पानांत तोंड घातलें.

बोंडा खाऊन झाल्यावर तिनें आपला अभिप्राय दिला: भाजींत आलें कमी आहे आणि पिठांत मोहन जास्त पडलें आहे, म्हणून बोंडा तेल पितो. हॉटेलवाल्यानें हें अत्यंत गंभीरपणें ऐकून घेतलें. मीं त्याला सात वर्षें शिकविलें. इतक्या लक्षपूर्वक त्यानें माझें कधीं ऐकलें नव्हतें. उठतांना मीं खिशांत हात घातला, तोंच सौ.नें आपल्या पिशवींतून नोट काढून गल्ल्यावर ठेविली. तो गोंधळून माझ्याकडे पाहूं लागला. "तिच्याकडून घे," मी म्हणालों, "मला आज तिनें आणलें आहे."

या गोष्टीला आतां पांच आठवडे झाले. त्यानंतर मी सौ.बरोबर हॉटेलांत गेलेलों नाहीं, याचें कारण तिनें मला पुन्हां बोलाविलेलें नाहीं. दवाखान्यांतल्या नर्सबाई आणि आमच्या शेजारच्या गुरुजींच्या पत्नी यांना घेऊन ती दर गुरुवारीं साडेचार वाजतां जाते. तासभर बसतात. काय बोलतात, तें मीं एकदां माझ्या विद्यार्थ्याला आडून विचारून पाहिलें. "त्यांचं त्यांले माहीत जी," एवढेंच तो म्हणाला. गुरूपेक्षां गिऱ्हाईक मोठें, हा व्यवहार त्याला चांगला कळतो. बोंड्यांत आलें पडूं लागलें आहे. गलासांची गोष्ट मात्र तशीच आहे. डझन अजून यावयाचा आहे, आणि सौ. दर गुरुवारीं विचारते.

वर्ध्याच्या भगिनीला उत्तर सौ.नेंच लिहिलें आणि टपालांत टाकण्यासाठीं माझ्याकडे दिलें. पोस्टकार्ड वाचणें हा कांहीं गुन्हा नव्हे. त्यांत लिहिलें होतें: "मी घरीं असतें. गुरुवारीं मात्र हे असतात."

तें खरें आहे. गुरुवारीं चहा मीच करतों. साखरेचा डबा कोठला, तें आतां मला ठाऊक झालें आहे. चहाच्या भुकटीचा डबा मात्र दर गुरुवारीं जागा बदलतो, असा माझा दाट संशय आहे. गेल्या गुरुवारीं सौ. परत आली तेव्हां मी पातेलें चुलीवर ठेवून उभा होतों. "काय देऊं?" असें मीं विचारलें. तिनें पातेल्यांत डोकावून पाहिलें आणि "आज राहूं द्या" म्हणाली.

ताज्या कलमांत विचारणाऱ्या त्या गृहस्थांस: आलूबोंडा मिळतो. पण साडेचारच्या आधीं यावें; गुरुवारीं तर त्याहूनहि लौकर.